सिनेमा थांबवायचा नाही

रविवारी अकराचा भोंगा झाला की जळगावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. पारा पन्नाशीला टेकायला लागल्यापासून शहरात उन्हाचे भोंगे बसले आहेत: अकराला सगळे आत, पाचला बाहेर. मधले सहा तास लोक पडदे ओढून बसतात. कुणी झोपतं, कुणी घरच्यांशी भांडून वेळ काढतं. भंगाळ्यांकडे सिनेमा बघतात.

मार्चातल्या त्या रविवारीही लावला होता. खाली गादीवर पियूष, त्याला टेकून साडेपाच वर्षांची निमू, मधे केळीच्या वेफर्सचं ताट. मागे भिंतीला लागून दिवाण, आणि दिवाणावर कुणी नाही. सिनेमातला म्हातारा विहिरीच्या काठावर बसून विडी ओढत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर एक पाल सरकली. ती शेपूट हलवणार एवढ्यात चित्र अलगद वळलं आणि विहिरीवरच्या रहाटावर जाऊन थांबलं.

निमूने मागे वळून रिकाम्या दिवाणाकडे पाहिलं. "काही नाही गं आई," ती म्हणाली, "गेली पाल."

आणि वेफर तोंडात टाकून ती पुन्हा सिनेमा बघायला लागली. केतकीला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

आता हे नीट समजायचं तर केतकीपासूनच सुरुवात करायला हवी. केतकी बालवाडीची बाई. पोरांच्या बाबतीत तिची मतं ठाम, आणि ती ऐकून घ्यायची तयारी नसेल तर माणसाने तिच्यासमोर विषयच काढू नये. मूल जसं चालायला शिकतं तसंच सिनेमा बघायलाही शिकतं, असं तिचं म्हणणं. आधी बोट धरायचं, मग सोडायचं. पोराच्या हातात पडदा देऊन आपण कांदे चिरायला जायचं, याला ती सिनेमा म्हणायचीच नाही. निमू तीन वर्षांची झाल्यावर तिने घरात रविवारचा सिनेमा सुरू केला आणि त्याचे नियम घातले. सगळ्यांनी मिळून बघायचा. बघण्याआधी गोष्ट सांगून टाकायची, शेवटासकट, म्हणजे मूल भीतीला तयार असतं. बघून झाला की खिचडी खाताना त्यावर बोलायचं. आणि शेवटचा नियम असा की एकदा सुरू झालेला सिनेमा थांबवायचा नाही. कुणाचा फोन येवो, कुणाला शिंक येवो.

"मधेच थांबवलं ना, की मूल भीतीच्या मधोमध अडकतं," ती म्हणायची. "पुढे गेलं की सुटतं."

पियूषला हा नियम पटकन पटला. तो केळी पिकवायच्या चेंबरवर सुपरवायझर. आत घड लावले, गॅस सोडला, दार लावलं की मधे दार उघडायचं नाही, नाहीतर अख्खा माल डागी. माणूस जिथे नोकरी करतो तिथली अक्कल घरी आणतोच.

'सोबत' नावाचं यंत्र आणलं तेही केतकीनेच. पडद्याखाली लावायची हातभर लांबीची एक पट्टी. तिच्यातून रडारच्या फार क्षीण लहरी निघतात, समोर बसलेल्यांच्या छातीवर आपटतात आणि परत येतात. छाती श्वासासरशी आणि ठोक्यासरशी केसभर हलते, तेवढ्यावरून पट्टीला नाडी कळते. डोळ्यांच्या बाहुल्या केव्हा मोठ्या झाल्या ते तिच्यातला कॅमेरा टिपतो. मिळून एवढं समजतं की कोण घाबरलं, कोण कंटाळलं, कोणाच्या घशाशी हुंदका आला. इथवर काही नवल नाही. नवल हे की सिनेमाच आता पक्का राहिलेला नाही. निर्माता गोष्ट, पात्रं आणि संवाद ठरवून देतो, पण दृश्य यंत्र ऐन वेळी रंगवतं. राक्षस किती जवळ यावा, अंधार किती गडद असावा, हे समोर बसलेल्यांवरून ठरतं. लहान मुलांच्या घरी नियम एकच: त्या खोलीतल्या सगळ्यात हळव्या माणसाला सोसेल तेवढंच दाखवायचं.

पण माणूस घाबरल्यावर दृश्य बदलून काय उपयोग? ते आधी कळायला हवं, निदान तीन सेकंद. म्हणून यंत्र प्रत्येकाचा एक अदमास बांधतं. चाळीसेक सिनेमे एकत्र बघितले की त्याला पक्कं ठाऊक होतं की हिला काय सोसत नाही आणि ह्याला कुठे रडू येतं. मग कुणी पाणी प्यायला उठून गेलं तरी यंत्र अडत नाही. त्या माणसाचा अदमास त्याच्या जागी बसतो आणि सिनेमा तसाच गुळगुळीत पुढे जातो. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाचा एक ठिपका असतो. निमूचा पिवळा, पियूषचा निळा, केतकीचा हिरवा. माणूस खोलीत नसताना त्याचा ठिपका थोडा मंद होतो, असं माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. माहितीपुस्तक कोण वाचतं?

गंमत अशी झाली की यंत्र आणलं पोरीसाठी आणि कामाला आलं आईच्या. निमू एक नंबरची धीट. राक्षस आला की खदखदून हसायची. पण केतकीला पालीचं भय, आणि पाल म्हणजे सरडा, घोरपड, मगर, झाडून सगळं गणगोत आलं. दोन महिन्यांत यंत्राने पडद्यावरून पालींची हकालपट्टी केली. चित्र वळलं की निमू आणि पियूष पुढूनच ओरडायचे, "आईची पाल आली." केतकी मागे दिवाणावरून पियूषच्या पाठीत उशी हाणायची. पाठदुखीमुळे तिला गादीवर बसवत नसे, म्हणून ती नेहमी मागे.

गेल्या एप्रिलातल्या एका रविवारी ते किल्ल्याचा सिनेमा बघत होते. एका मुलीचं करडू हरवतं, ती पडक्या किल्ल्यावर ते शोधत जाते. पन्ह्याचा जग रिकामा झाला तशी केतकी उठली.

"चालू राहू द्या," ती म्हणाली, "मी आले."

तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. पियूषला ही वेळ नंतर कळली, यंत्राच्या नोंदीवरून. सातआठ मिनिटांनी किल्ल्याच्या तटावर घोरपड दिसली आणि चित्र वळून आभाळातल्या घारींवर गेलं. आली वाटतं केतकी, असं पियूषच्या मनात आलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. का पाहावं? पाल टळली म्हणजे केतकी बसलेली आहे, हे त्या घरात इतकं ठरून गेलेलं होतं. त्यानंतर चित्र आणखी दोनदा वळलं, आणि दोन्ही वेळा त्याला मागे ती असल्याचं बरं वाटलं. सिनेमा संपला तेव्हा मागे न बघताच तो म्हणाला, "केतकी, दिवा लाव गं."

ती स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. पन्हं सांडून वाळायला लागलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कोसळल्यावर किती वेळात आणलंत?" पियूष म्हणाला, "पाचदहा मिनिटांत." खरं तर ती पडल्यावर तो अडतीस मिनिटं बाहेर वेफर खात होता. डॉक्टर म्हणाले, "मोठी वाहिनी होती. लवकर आणूनही फारसं..." आणि फोन आला म्हणून ते वळले. ते वाक्य पुरं करून घ्यायला पियूष पुन्हा कधी गेला नाही. त्या अर्ध्या वाक्याच्या आधाराने तो दिवस काढत होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

यंत्रात बघणाऱ्यांची यादी असते. केतकीच्या नावापुढे लिहिलेलं होतं: तीन बाराला उठल्या. परत येण्याची वाट पाहत आहे.

दहावं, बारावं, तेरावं झालं आणि पंधरवड्यानंतरच्या रविवारी निमूने सिनेमा लावायचा हट्ट धरला. पोरीचं मन रमेल म्हणून पियूषने लावला. पाल आली आणि चित्र वळलं. पियूषच्या अंगावर सर्रकन काटा आला. निमू मात्र मागे वळून हसली, आणि त्या पंधरा दिवसांतलं तिचं ते पहिलं हसू होतं. मग यादीतलं ते नाव पुसायचं कुणी?

प्रणालीताई, म्हणजे पियूषची थोरली बहीण, भुसावळला गणित शिकवते. मार्चअखेरीला ती दोन दिवस राहायला आली आणि रविवारी सवयीने दिवाणावर बसली.

"आत्या, तिथे आई बसते," निमू म्हणाली.

"बरं बाई, मी खाली बसते," ताई उठली. पण मग सिनेमाभर ती पडद्याकडे न बघता निमूकडेच बघत राहिली. पोर दर थोड्या वेळाने मागे वळून कुणालातरी समजावत होती. ताई ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने पियूषला आत बोलावलं.

"पोरीला समजत नाही. तुला तर समजतं ना?"

"काढून टाकतो ताई. यंत्रातलं नाव काढलं की झालं."

"कधी?"

"काढतो म्हटलं ना."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, पियूष. पोरीचं नुसतं नाव आहे. ते तुलाच हवंय."

पियूष खाली बघत राहिला. ताईला वाटलं, बायकोच्या आठवणीने गप्प झालाय. खरं कारण असं होतं की ताई नेमकी त्याच फरशीवर उभी होती.

दिवाळीपासूनच काहीतरी बदलत चाललं होतं, पण हळूहळू. आधी फक्त पाली जायच्या. मग उंच जिने जायला लागले. मग खोल पाणी गेलं, गर्दी गेली, कुत्री गेली. एप्रिल लागला तसे सिनेमे फारच चमत्कारिक व्हायला लागले. गोष्ट कानाला ऐकू यायची, माणसं बोलायची, पण दिसायची नाहीत. चित्र दुसरीकडेच कुठेतरी बघत असायचं, एखाद्या उंबऱ्याकडे, झाडाच्या बुंध्याकडे. कुणी मोठ्याने हसलं तरी ते हसू मधेच तुटायचं. आणि एका रविवारी तर दीड तास फक्त एक अंगण दिसलं. दोरीवर वाळत घातलेली साडी, थोडा वारा, बाकी काही नाही. बोलणंही नाही. पियूष दोनदा बंद करायला उठला आणि दोन्ही वेळा बसला. निमू गुडघ्यांना मिठी मारून शेवटपर्यंत बघत होती. मागे वळून ती एकदाही काही बोलली नाही.

संपल्यावर तिने विचारलं, "पप्पा, आई माणसांना पण घाबरते आता?"

"नाही गं."

"मग माणसं का गेली? आधी तर ती फक्त पालीलाच घाबरायची." तिने दिवाणाकडे पाहिलं. "तिकडे तिच्याजवळ कुणीच नाही का?"

सोमवारी निमू शाळेत गेली नाही. मंगळवारी पण नाही. दिवाणाच्या पायथ्याशी, चादरीचं टोक मुठीत धरून ती बसून राहिली. आई एकटी आहे, घाबरलीय, तिला सोडून कसं जायचं, एवढंच तिचं म्हणणं. जेवण तिथेच, झोप तिथेच. बुधवारी तिने आपला टॉर्च दिवाणावर ठेवला, आईसाठी. आतापर्यंत पियूष स्वतःची समजूत घालत होता की जे चाललंय त्याने पोरीला आधार मिळतोय. तो टॉर्च बघितल्यावर त्याला तेही म्हणता येईना.

यंत्र दुरुस्त करणारा अन्वर तडवी गुरुवारी सकाळी भोंग्याच्या आधी आला. उमदा पोरगा, यावलकडचा. त्याने पट्टी उघडली, आकडे बघितले आणि मान हलवली.

"यंत्रात बिघाड नाही भाऊ. या तिसऱ्या बघणाऱ्या आहेत ना, हिरव्या, त्या वर्षभर उठून गेलेल्या दिसताहेत. यंत्र त्यांच्यासाठी अडून बसलंय."

"म्हणजे?"

"असं बघा. तुमचा एक दोस्त आहे. आज त्याला काय आवडेल ते तुम्ही छातीठोक सांगाल. सहा महिने भेटला नाही तर अंदाजानं सांगाल. वर्ष झालं की मग तुमच्या जुन्या अंदाजावर नवा अंदाज. खरी नाडी मिळाली की यंत्र स्वतःला दुरुस्त करतं. यांची नाडी मिळतच नाही, म्हणून याची शंका वाढत चाललीय. आणि शंका आली की दृश्य कापायचं, असं याला शिकवलेलं आहे. पोरांचं यंत्र ना. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो माणूस, तसं. आता याला सगळ्याचीच शंका यायला लागलीय."

"म्हणजे ती घाबरत नाहीये," पियूष म्हणाला.

"त्या कुठे घाबरताहेत? त्या यंत्राला दिसत नाहीत, एवढंच. एकदा येऊन बसल्या की दोन रविवारात सगळं ताळ्यावर येईल. कधी येणार मॅडम?"

पियूषने भिंतीकडे पाहिलं. अन्वरनेही पाहिलं. फोटोला चंदनाचा हार होता. अन्वरने हातातला पाना खाली ठेवला.

"माफ करा भाऊ," तो म्हणाला. "नाव काढावं लागेल. पण ते माझ्या हातात नाही. पोरं खेळात आईबापाचं नाव काढतात म्हणून घरातल्या मोठ्या माणसाचा आवाज लागतो. ते विचारेल, तुम्ही सांगायचं." निघताना दाराशी तो घुटमळला. "मुलगी झोपलेली असताना करा."

सल्ला चांगला होता. पियूषने तो दोन दिवस घोळवला. निमू झोपली की दोन शब्द बोलायचे. रविवारी पाली परत, माणसं परत, आणि पोरगी विचारेल तेव्हा सांगायचं, आईची भीती गेली. कुणाला काय कळतंय? पण त्याला केतकीचा नियम आठवत राहिला. आधी गोष्ट सांगायची, शेवटासकट. मग सिनेमा.

रविवारी अकराचा भोंगा झाल्यावर तो दिवाणाच्या पायथ्याशी निमूजवळ जाऊन बसला.

"निमू, आजच्या सिनेमाची गोष्ट सांगतो."

"कुठला आहे?"

"तू म्हणशील तो. पण गोष्ट आईची आहे." त्याने तिच्या मुठीतलं चादरीचं टोक हळूच सोडवलं. "आई या यंत्रात नाहीये बेटा. ती घाबरलेली नाही, एकटी नाही, कारण ती नाहीच आहे कुठे. यंत्राला वाटतंय ती पन्हं आणायला गेलीय आणि येईल. त्याला कुणी सांगितलंच नाही. मी सांगितलं नाही. आज मी सांगणार आहे. मग तो हिरवा ठिपका जाईल. आणि पाल दिसेल."

निमूने दिवाणावरच्या टॉर्चकडे पाहिलं. "मोठी दिसेल?"

"असेल तेवढी दिसेल."

"मग किल्ल्याचा लाव," ती म्हणाली.

पियूषला नेमका तोच नको होता, पण तू म्हणशील तो, असं तो बोलून बसला होता. त्याने नाव काढायला सांगितलं तसं यंत्राने मवाळ आवाजात विचारलं, "केतकी परत येणार आहेत का?"

"नाही."

"कृपया पूर्ण वाक्यात सांगा."

वर्षभरात त्याने हे वाक्य कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लोकांना सांगायची वेळ आली नाही, त्यांना आधीच माहीत असायचं. निमूने त्याचं बोट धरलं. "केतकी परत येणार नाही," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातला हिरवा ठिपका विझला. निमू त्या जागेकडे बघत राहिली. ती रडली, पण आवाज न करता, आणि गादीवर येऊन त्याला टेकून बसली.

सिनेमा सुरू झाला. माणसं आली, चेहऱ्यांसकट, मोठ्याने बोलणारी. मुलीचं करडू हरवलं. ती किल्ल्यावर चढली आणि तटावर घोरपड आली, खवल्याखवल्याची, जीभ बाहेर काढून. चित्र वळलं नाही. निमूने श्वास धरला, सवयीने मागे बघितलं आणि पुन्हा पुढे वळली.

"घोरपड होती होय ती," ती म्हणाली. "मला वर्षभर मगर वाटत होती."

पियूषला हसू आलं. पण ते हसू ओठांवर असतानाच सिनेमात संध्याकाळ झाली. करडू न मिळाल्याने मुलगी घरी परतली, जेवायला बसली. तिची आई ताटावरून उठली. "आले हं मी," म्हणाली आणि आतल्या दाराकडे वळली. तिचं पाऊल उंबऱ्यावर पडणार तोच चित्र अलगद सरकलं आणि देवळीतल्या दिव्यावर जाऊन थांबलं.

पियूषची छाती धडधडत होती. निमूने या वेळी मागे पाहिलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. चित्र वळलं की कोण घाबरलं ते ओळखायचं, वर्षभर हीच एक विद्या ती शिकली होती.

"हे आईचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"माझं पण नाही. मग तुझं आहे, पप्पा. तुला कशाची भीती वाटली?"

पियूषने हात लांब केला आणि सिनेमा थांबवला. त्या घरात सिनेमा पहिल्यांदाच थांबला. देवळीतल्या दिव्याची ज्योत तशीच, एका बाजूला कललेली राहिली.

"त्या दिवशी आई आत गेली ना, ती परत आलीच नव्हती," तो म्हणाला. "घोरपड टळली म्हणून मला वाटलं, ती येऊन बसली. मी मागे बघितलंच नाही. ती आत पडलेली होती आणि मी सिनेमा बघत होतो. खूप वेळ. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. आत्यालाही खरं सांगितलेलं नाही. मी उठायला हवं होतं, निमू."

निमू ताटातला वेफरचा चुरा बोटाने गोळा करत होती. तिने त्याची छोटी रास केली, मोडली, पुन्हा केली.

"जग पडला होता," ती म्हणाली.

"कुठे?"

"आत. ठण्णकन आवाज आला होता. मला आला होता ऐकू."

मग बोलली का नाहीस, हा प्रश्न पियूषच्या अगदी ओठांवर आला. त्याने दात आवळून तो गिळला. निमूनेच त्याचं उत्तर दिलं.

"सिनेमा चालू होता ना," ती म्हणाली. "थांबवायचा नाही ना." मग खालच्या आवाजात, चुऱ्याकडे बघत, "म्हणून मी दर वेळी मागे बघायचे. आई माझ्यावर रागावलीय का ते. पण ती रागवायचीच नाही. नुसती घाबरायची."

पियूषने तिला ओढून मांडीवर घेतलं. साडेचार वर्षांची असताना उचललेलं ते ओझं पोरीने वर्षभर एकटीने वाहिलं होतं, त्याच खोलीत, त्याच्या मांडीला टेकून, आणि त्याला पत्ता नव्हता. तो रडला. बाप पोरीसमोर रडू नये वगैरे जे काही असतं ते त्याने बाजूला ठेवलं.

"ऐक," तो शेवटी म्हणाला. "थांबवायचं काम मोठ्यांचं असतं. ते माझं होतं. तुझं नव्हतं. आई तुझ्यावर रागावली असती तर ती केतकी कसली? माझ्यावर रागावली असती."

"खूप?"

"खूप. उशीच हाणली असती."

निमूने नाक पुसलं आणि ती मांडीवरून उतरली. "चल, बघून येऊ," ती म्हणाली.

गादीपासून स्वयंपाकघर अकरा पावलांवर आहे. पियूषने ती मोजली. आत दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून फरशीवर आलं होतं. जग धुऊन रॅकवर पालथा घातलेला होता. निमू दारात उभी राहिली, कोपऱ्याकोपऱ्यात बघून आली, फरशीला हात लावला. मग पाणी मागितलं. दोघं पाणी प्यायली आणि परत येऊन त्यांनी उरलेला सिनेमा बघितला. करडू सापडलं.

त्याच संध्याकाळी, पाचच्या भोंग्यानंतर, पियूषने भुसावळला फोन लावला आणि ताईला अडतीस मिनिटांचं सांगितलं. ताई म्हणाली, "जेवलास का?" आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आली.

भंगाळ्यांकडे अजूनही रविवारी सिनेमा असतो. निमू शाळेत जाते आणि वर्गात घोरपडीची नक्कल करून बाईंची बोलणी खाते. पण दीड तासाचा सिनेमा त्यांच्याकडे आता तीन तास चालतो. पियूष पाणी प्यायला उठला की निमू लगेच थांबवते, त्याच्या मागोमाग येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, आणि तो पेला विसळून जागेवर ठेवेपर्यंत तिथून हलत नाही.